तोनेतांची थोरली पाती

अम्गऱ्यातल्या त्या संगमरवराच्या कारखान्यात इनास तोनेतला सगळे उस्ताद म्हणत, आणि ते त्याला मनातून आवडत नसे. उस्ताद म्हणावं अशी माणसं त्याच्या घरात होऊन गेली होती. त्याचे आजोबा आंतोन यांनी वसईकडच्या एका चर्चसाठी देवदूत घडवला होता. त्याचे पंख इतके पातळ होते, की सकाळचं ऊन त्यांच्यातून गुलाबी होऊन यायचं. वडील पेद्रू मूर्ती कमी करायचे, पण थडग्यावरचं नाव कोरावं तर त्यांनीच. नंदाखाल ते पापडी त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि इनास? तो कुवेतमध्ये, या अम्गऱ्यात, स्वयंपाकघरांचे ओटे कापत होता.

आला तो १९९२ साली. युद्ध नुकतंच सरलं होतं, घरं लुटली गेली होती, जळली होती, आणि जो तो नव्यानं बांधत होता. दगडाचं काम जाणणाऱ्या माणसाला तेव्हा मागणी होती. इनासचं वय छत्तीस. घरी बायको आग्नेस आणि पाच वर्षांची मार्लिन. वसईत आता लोक थडग्यावर ग्रॅनाइटची तयार लादी टाकू लागले होते. हातानं कोरलेल्या अक्षरांसाठी थांबायला कोणाला सवड नव्हती. दोन वर्षं करू आणि परत येऊ, असं ठरलं होतं. बघता बघता पाच वर्षं झाली.

कुवेतमध्ये माणसाच्या मूर्ती कोणी मागत नसे. जिने, कारंजी, दिवाणखान्यांच्या फरश्या, न्हाणीघरांचे कट्टे असं काम. इनासचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. तो नाकासमोर चालणारा माणूस. कारखान्याच्या मागच्या खोलीत महबूबबरोबर राहायचा, शुक्रवारी बस पकडून शहरातल्या चर्चला जायचा, महिन्याला दोन पत्रं लिहायचा. महबूब हा म्हसळ्याकडचा, पॉलिशच्या यंत्रावर काम करणारा, बोलका माणूस. अख्ख्या कारखान्यात मराठी बोलणारे हे दोघेच, त्यामुळे भांडायलाही एकमेकांशिवाय कोणी नव्हतं.

१९९७च्या मे महिन्यात कारखान्यात दगड कापायचं नवं यंत्र आलं. ते बसवायला इटलीहून सिल्वानो नावाचा मेकॅनिक आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, उन्हानं लाल झालेला. इंग्रजी त्याचंही मोडकं आणि इनासचंही, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं. तिसऱ्या दिवशी यंत्राखालच्या चौथऱ्याचा एक कोपरा आड येऊ लागला. थोडासाच उडवायचा होता. इनास गुडघ्यावर बसला आणि मागे हात करून म्हणाला, “महबूब, सुबी दे. आणि मासूल.”

महबूबनं टोकदार छिन्नी आणि हातोडा त्याच्या हातात ठेवला. इनासनं दोन घाव घातले, तोच सिल्वानोनं त्याचा खांदा धरला.

“काय म्हणालास तू?”

“कुठे काय? हत्यार मागितलं.”

“काय म्हणून मागितलंस?”

इनासला वाटलं, काही चुकलं. त्यानं छिन्नी वर धरली. “ही सुबी.”

“सुब्बिया,” सिल्वानो हळूच म्हणाला. मग त्यानं हातोड्याकडे बोट केलं.

“मासूल.”

“मात्सुओलो! आणि ती दात्यांची छिन्नी असते, ती?”

“ग्रादीन.”

सिल्वानो तिथेच दगडावर बसला. “हे शब्द तुला कोणी शिकवले? कुठला इटालियन होता इथे?”

इटालियन कोणी नव्हता. हे शब्द इनासच्या घरातले होते. वसईतले बाकीचे पाथरवट छिन्नी म्हणत, तोनेतांच्या घरात सुबी म्हणत. लहानपणी इनासला वाटायचं, सगळीकडे असंच म्हणत असतील. मोठेपणी वाटलं, आपल्या घरचीच ती बोली. सिल्वानोनं त्याचा बताका मागितला. इनासनं खिशातून ते सरकारी ओळखपत्र काढून दिलं. सिल्वानोनं त्यावरचं आडनाव दोनदा मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, “तोनेत नव्हे रे, तोन्येत्ती! मी कारारावरच्या डोंगरातला, जिथून हा संगमरवर येतो. आमच्या गल्लीत चार दारांवर हे नाव आहे.”

त्या संध्याकाळी खुबूसची रोटी आणि डाळ खाता खाता महबूबनं विचारलं, “इनासभाय, तुमचे पूर्वज तर पोर्तुगीज होते ना?”

“असं सगळे म्हणतात. आमच्याकडे बाहेरून आलेला तो पोर्तुगीज, असाच हिशोब.”

खरं तर इनासला आपली वंशावळ एका ओळीपुरतीच येत होती. बापानं लहानपणी पाठ करून घेतलेली: इनास पेद्रूचा, पेद्रू आंतोनचा, आंतोन जुझेचा, जुझे दुमिंगचा, दुमिंग दर्यातून आला. त्यापुढे काही नव्हतं. दर्यातून आलेल्या माणसाला कोण विचारणार, की दर्याच्या पलीकडे काय होतं?

सिल्वानो जाताना पत्ता देऊन गेला. इनासनं आग्नेसला सगळं कळवलं आणि लिहिलं, की जमल्यास चर्चमधल्या जुन्या वह्या बघ. आग्नेस हातातलं काम अर्धं टाकणारी बाई नव्हती. पावसाळा संपल्यावर तिनं फादरांच्या मागे लागून वह्या उघडायला लावल्या. तीन चर्चमध्ये हिंडल्यावर तिला हवी ती नोंद सापडली, आणि तिचं पत्र आलं.

‘दुमिंग तोनेत यांचं लग्न १८८० साली झालं,’ तिनं लिहिलं होतं. ‘नवरी मारी, इथल्याच गावची. नोंद लॅटिनमध्ये आहे, फादरांनी वाचून सांगितली. धंदा दगड घडवणारा, गाव इटलीत, जेनोव्हाकडचं. पुढे लिहिलंय, अविवाहित असल्याचं वराने शपथेवर सांगितलं. मृत्यू १९११, वय त्रेसष्ट, छातीच्या दुखण्यानं. मुंबईत मोठमोठ्या दगडी इमारती होत होत्या तेव्हा ते आले असावेत, असा फादरांचा अंदाज. मार्लिनला खोकला होता, आता बरा आहे.’

इनासनं ते पत्र उशीखाली ठेवलं. इतके दिवस दुमिंग म्हणजे नुसतं एक नाव होतं. आता त्याला वय मिळालं, बायको मिळाली, छातीचं दुखणं मिळालं. कामावर असताना मध्येच इनासच्या मनात यायचं, याच हातानं त्यानंही दगड चाचपला असेल. आपण मूर्तिकारांच्या घरातले, ते थेट इटलीपासून! मनातल्या मनात त्याची मान थोडी ताठ झाली.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात सिल्वानो यंत्राची देखभाल करायला आला. येताना त्यानं गावच्या चर्चमधून काढलेल्या नोंदींची नक्कल आणली होती. पण तो ती लगेच दाखवेना. दोन दिवस तो यंत्राशीच खुडबुड करत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी पिकअपच्या बॉनेटवर त्यानं कागद पसरला आणि बोटानं ओळी दाखवत गेला. दोमेनिको तोन्येत्ती, जन्म १८४८. नक्षी कोरणारा. बाप मूर्तिकार, आजा मूर्तिकार. फेब्रुवारी १८७३, लग्न, असुंता मेनकोनी हिच्याशी. १८७४च्या वसंतात जेनोव्हाहून जहाजानं रवाना. नोव्हेंबर १८७४, मुलगा फियोरेंझो याचा जन्म, बाप गैरहजर.

इनास त्या कागदाकडे बघत राहिला. त्यानं लग्नाच्या सालावर बोट ठेवलं. महबूबनं मागून वाकून बघितलं, बोटांवर सालं मोजली आणि म्हणाला, “म्हणजे बायको पोटुशी होती तेव्हा हा निघाला?”

“हो.”

“आणि सहा वर्षांनी तुमच्याकडे येऊन लिहून दिलं, अविवाहित?”

इनासनं कागदाची घडी घातली. “नोंदीत तसंच आहे,” तो म्हणाला.

सिल्वानो म्हणाला, “मुलाची मुलगी अजून आहे. एलिदे. चौऱ्याऐंशी वर्षांची. तू सापडलास हे मी तिला सांगितलं.”

“मग?”

“आत गेली आणि भाजी चिरत बसली.”

इनासनं मनातल्या मनात नातं लावून बघितलं. फियोरेंझो आणि जुझे हे एकाच बापाचे, सावत्र भाऊ. म्हणजे एलिदे ही त्याच्या आजोबांची चुलत बहीण. त्याची चुलत आजीच झाली की ती. आणि घराण्याच्या पाती लावायच्या तर थोरली पाती त्यांची. वसईचे तोनेत धाकटे.

त्यानं तिला पत्र लिहायला घेतलं, ते महिनाभर पुरं होईना. काय लिहायचं? माफी मागावी, तर आपण काही केलेलं नाही. न मागावी, तर कुठल्या तोंडानं लिहायचं? शेवटी त्यानं आपण कोण, बाप कोण, घरात किती माणसं, एवढंच लिहिलं आणि शेवटी एक ओळ घातली: ‘आमच्या घरात तुमच्याबद्दल कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर कोणीतरी तुम्हाला लिहिलंच असतं.’

उत्तर कारखान्याच्या फॅक्सवर आलं, १९९९च्या फेब्रुवारीत. सिल्वानोच्या मुलीनं त्याचं इंग्रजी केलं होतं. इनासनं ते ऑफिसातल्या खुर्चीत बसून, एकेक शब्द जुळवत वाचलं.

एलिदेनं लिहिलं होतं, की आजी असुंता वारली तेव्हा आपण पंधरा वर्षांच्या होतो, त्यामुळे ती चांगली आठवते. दोमेनिको दोन वर्षांसाठी म्हणून गेला होता. त्याची तीन पत्रं आली. पहिल्या दोन पत्रांत पैसे होते. तिसऱ्यात एका उंच झाडाचं चित्र होतं, ज्याला फांद्याच नव्हत्या, फक्त शेंड्याला पानं. त्यानंतर काही आलं नाही. कोणीतरी सांगितलं, जहाज बुडालं. असुंतानं चार वर्षं काळे कपडे घातले आणि मग एके दिवशी काढून ठेवले. लोकांनी विचारलं तर म्हणाली, तो मेला असता तर मला कळलं असतं. ओढ्यावर लोकांचे कपडे धुऊन तिनं मुलगा वाढवला. तो दहाव्या वर्षी खाणीवर गेला. मूर्ती घडवणाऱ्यांच्या घरातला मुलगा, पण छिन्नी धरायला शिकवणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून आयुष्यभर दगड ओढत राहिला.

‘मी तुमच्यावर रागावलेली नाही,’ तिनं शेवटी लिहिलं होतं. ‘तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हतात. मला एकच गोष्ट सांगा. तो केव्हा गेला, कशानं गेला, आणि जाताना त्याच्याजवळ कोण होतं?’

इनासनं शेवटची ओळ पुन्हा वाचली. ऑफिसातला इजिप्शियन कारकून म्हणाला, “उस्ताद, घरी सगळं ठीक ना?” इनास हो म्हणाला आणि बाहेर आला. बाहेर करवत चालू होती, पांढरं पाणी नालीतून वाहत होतं. दोन वर्षांसाठी म्हणून गेला, हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. तो स्वतः दोन वर्षांसाठी म्हणून आला होता आणि आता सातवं चालू होतं. तो पैसे पाठवायचा, पत्रं लिहायचा, दोन वर्षांतून एकदा दीड महिना घरी जायचा. लबाडी त्याच्या मनाला कधी शिवली नव्हती. पण मागच्या खेपेला मार्लिन त्याला म्हणाली होती, “तुम्ही बसा ना, मी पाणी आणते.” आईला ती तू म्हणायची, मामांना तू म्हणायची. तुम्ही म्हणायची ती पाहुण्यांना.

त्या रविवारी त्यानं एलिदेला उत्तर लिहिलं. काही लपवलं नाही. १९११ साली, त्रेसष्टाव्या वर्षी, छातीत दगडाची धूळ बसून, स्वतःच्या खाटेवर गेला. बायको मारी आणि मुलगा जुझे जवळ होते, असं आमच्याकडे सांगतात. शेवटी तो काय बोलत होता ते कोणाला कळलं नाही, कारण ती भाषा घरात कोणालाच येत नव्हती. ही शेवटची गोष्ट इनासनं आजोबांच्या तोंडून ऐकली होती आणि इतकी वर्षं विसरला होता. लिहिताना ती आठवली.

तिचं उत्तर दोन ओळींचं होतं. ‘म्हणजे आजीचंच खरं होतं. तो जिवंत होता. हे वाचून मी हसले, आणि मग बराच वेळ रडले.’

कारखान्याचे मालक अबू नासेर रोज दहाच्या सुमारास यायचे आणि चहा घ्यायचे. इनास त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. आग्नेस आणि मार्लिनला इथे आणायचं होतं, आणि फॅमिली व्हिसासाठी कामगाराचा हुद्दा चालत नसे. कागद बदलायला हवे होते, आणि ते मालकानं मनावर घेतलं तरच.

“सात वर्षांत मागितलं नाहीस, आता काय झालं?” अबू नासेरनी विचारलं. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं अरबी.

इनासला थोडक्यात सांगता येईना. मग त्यानं सगळंच सांगितलं, दोमेनिकोपासून. अबू नासेरनी मध्ये एकदाही अडवलं नाही. चहा गार झाला.

“माझे आजोबा गलबताचे नाखुदा होते,” ते म्हणाले. “खजूर घेऊन मलबारला जायचे. वाऱ्याची वाट बघत चार-चार महिने तिथे राहायचे. तिथे त्यांचं एक घर होतं. बायको, मुलं. आमच्या आजीला ठाऊक होतं, पण आमच्या घरात कोणी तो विषय काढत नसे. तेल निघालं, जहाजं बंद झाली, आणि जाणंही बंद झालं. ती मुलं आता कुठे आहेत, त्यांची नावं काय, मला सांगता येणार नाही.” मग त्यांनी कागदपत्रांची कामं करणाऱ्या मंदूबला हाक मारली. “याच्या इकाम्यावरचा हुद्दा बदल. टेक्निशियन लिही. आणि लवकर.”

लवकर म्हणता म्हणता आठ महिने गेले. २०००च्या जानेवारीत आग्नेस आणि मार्लिन कुवेतच्या विमानतळावर उतरल्या. आग्नेसच्या हातात सुक्या बोंबलांचा डबा होता आणि कस्टमवाल्यांनी तो कसा उघडायला लावला, हेच ती घरी पोचेपर्यंत सांगत होती. दस्मानजवळ एका जुन्या इमारतीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. गच्चीत गेलं की समुद्राची एक पट्टी दिसायची. पहिले काही महिने सोपे गेले नाहीत. आठ वर्षं ज्या बाईनं एकटीनं घर चालवलं, तिला आता नवरा विचारायचा, अमुक का आणलं, तमुक कुठे ठेवलं. एकदा ती म्हणाली, “तुम्ही पत्रातून बरे होता.” दोघंही हसली, पण थोडं लागलंच. मार्लिन तेरा वर्षांची. तिला शाळा आवडली, ऊन आवडलं नाही. बापाशी बोलायची वेळ आली की ती इंग्रजीत बोलायची, कारण इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच.

तिला बापाजवळ आणलं ते या कागदांनी. एलिदेची पत्रं आता ती वाचून दाखवू लागली, उत्तरं टाइप करू लागली. एका मोठ्या कागदावर तिनं दोन्ही पाती मांडल्या. इनास आठवून सांगायचा, आग्नेस चुका काढायची.

त्याच वर्षी पावसाळा सुरू होण्याच्या सुमारास, म्हणजे वसईत पावसाळा आणि इथे अंगाची लाही, एलिदेचं पत्र आलं. असुंताचं थडगं आता नव्हतं. तिकडच्या रिवाजाप्रमाणे बऱ्याच वर्षांनी अस्थी काढून दफनभूमीच्या भिंतीतल्या एका कोनाड्यात ठेवल्या होत्या. कोनाड्याच्या तोंडावर नुसतं सिमेंट होतं, कारण तेव्हा लादीला पैसे नव्हते आणि पुढे राहूनच गेलं. ‘तुमच्या घरात नावं कोरतात, असं तुम्ही लिहिलं होतंत. त्यानं आमच्यासाठी कधी काही कोरलं नाही. तुम्ही कोराल का?’ खाली कोनाड्याचं माप दिलं होतं. आपल्या मापानं पाऊण हात लांब, अर्धा हात रुंद.

इनासच्या पाचावर धारण बसली. गेल्या आठ वर्षांत त्यानं हातानं एक अक्षर कोरलं नव्हतं. कारखान्यात अक्षरं यंत्रानं उडवत. आणि पाठवायचं होतं ते कुठे, तर कारारात, जिथे प्रत्येक दुसरा माणूस दगडातलं जाणतो!

रुमैथियातल्या एका बंगल्याचा जिना नुकताच झाला होता. त्यातला पांढरा तुकडा उरला होता, कारारातूनच आलेला. अबू नासेर म्हणाले, घेऊन जा. इनास शुक्रवारी प्रार्थना आटोपून अम्गऱ्याला जाऊ लागला. महबूबही यायचा. कारखाना बंद, सगळीकडे सामसूम, शेजारच्या भंगाराच्या वाड्यातले पत्रे तेवढे वाऱ्यानं वाजायचे. आधी तो टाकाऊ तुकड्यांवर नुसत्या उभ्या रेघा मारत राहिला. छिन्नी घसरायची. चौथ्या शुक्रवारी रेघ सरळ आली.

मजकुराचा प्रश्न मात्र घरात अडला. एलिदेनं एवढंच लिहिलं होतं, नाव आणि साल. इनासच्या मनात होतं, नावाखाली ‘दोमेनिको तोन्येत्ती यांची पत्नी’ असं घालावं. त्यानं जे नाकारलं ते निदान दगडावर तरी कबूल व्हावं. त्यानं ते कागदावर आखूनही आणलं आणि जेवताना आग्नेसपुढे ठेवलं.

आग्नेसनं वाचलं आणि कागद बाजूला सारला. “त्याचं नाव कशाला?”

“अगं, त्याची लग्नाची बायको होती ती. त्यानं शपथेवर नाही म्हटलं, आपण हो म्हणूया.”

“ते तुमच्या समाधानासाठी. तिच्या काय कामाचं?” आग्नेस म्हणाली. “तुमच्या बाबांनी आमच्या गावात इतके दगड कोरले. मी लहानपणापासून वाचतेय. अमक्याची पत्नी, तमक्याची आई. माझ्या आजीच्या दगडावरसुद्धा आजोबांचं नाव मोठं आहे. ही बाई तर पंचावन्न वर्षं एकटी राहिली. पोर एकटीनं वाढवलं. एकदा तरी नुसतं बाईचं नाव कोरा ना.”

इनास म्हणाला, “लादी मोकळी दिसेल.”

“दिसू दे. मोकळीच होती ती.”

मार्लिन ताटातून वर बघत मराठीत म्हणाली, “आईचं बरोबर आहे, बाबा.”

तर तसं ठरलं. असुंता मेनकोनी, आणि खाली १८५३ ते १९२९. लॅटिन अक्षरांत, मोठ्या आकारात. कोरायला तीन शुक्रवार लागले. इटालियनात असुंताला दोन एस लागतात, आणि दुसऱ्या शुक्रवारी त्यातल्या दुसऱ्याची कड उडाली, नखाएवढी. महबूब म्हणाला, मेण भरू, कोणाला दिसणार नाही. इनास नाही म्हणाला. त्यानं अख्खी लादी पुन्हा घासून दोन सूत खाली आणली आणि पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. तिसऱ्या शुक्रवारी अबू नासेर नातवाला गाडीतून फिरवत तिकडे आले आणि मागे हात बांधून उभे राहिले.

“आमच्यात कबरीवर असं काही करत नाहीत,” ते म्हणाले. मग वाकून त्यांनी बोट अक्षरांच्या खाचेतून फिरवलं. “काय नाव आहे?”

“असुंता.”

“असुंता,” त्यांनी म्हणून बघितलं. “अल्ला तिच्यावर दया करो.”

ऑक्टोबरात देखभालीला आलेल्या सिल्वानोनं ती लादी टॉवेलांत गुंडाळून आपल्या बॅगेत घातली. कपडे तो इथेच सोडून गेला. महबूबनं ते नंतर दोन वर्षं वापरले. नोव्हेंबर लागताच, मृतांच्या दिवसाच्या आधी, लादी कोनाड्यावर बसली. फोटो आला. त्यात काळा कोट घातलेली एक ठेंगणी म्हातारी कोनाड्याला हात लावून उभी होती आणि कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती.

पुढची वर्षं सुरळीत गेली. इनासच्या त्या लादीची गोष्ट चर्चमध्ये पसरली आणि कोणी वारलं की लोक त्याच्याकडे येऊ लागले. वसईचे, गोव्याचे, केरळचे. गावी पाठवायचे दगड तो शुक्रवारी कोरायचा. आग्नेसनं इमारतीतल्या बायकांचे कपडे शिवायला घेतले. मार्लिन बारावी झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला गेली.

२००५ साली सिल्वानोनं आमंत्रण पाठवलं, कागद जमवून दिले, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत इनास आणि आग्नेस वसईला जायच्या आधी दहा दिवस इटलीला गेले. एलिदे एक्क्याण्णव वर्षांची झाली होती. डोंगरातलं घर, अरुंद जिना, स्वयंपाकघरात लाकडी टेबल. दार तिनंच उघडलं. इनासनं मनात कितीदा तरी घोळवलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण ती त्याला ओलांडून पुढे आली आणि तिनं आग्नेसचे दोन्ही हात धरले. बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघितलं. मग काहीतरी विचारलं.

सिल्वानोच्या मुलीनं इंग्रजीत सांगितलं, “त्या विचारतायत, तुम्ही आता नवऱ्याबरोबर राहता का?”

“हो म्हणावं,” आग्नेस म्हणाली. “पाच वर्षं झाली. भांडतो, पण एकत्र आहोत.”

ते ऐकून म्हातारी हसली. तोंडात तीनच दात होते. मग ती इनासकडे वळली, त्याचा उजवा हात हातात घेऊन तिनं तळव्यावरचे घट्टे अंगठ्यानं दाबून बघितले, आणि त्याला बसायला खुर्ची ओढली. टेबलावर सूप होतं, पाव होता, आणि मिठात मुरवलेली डुकराची चरबी, पातळ कापलेली. आग्नेसनं ती आधी जरा भीतभीतच तोंडात घातली आणि मग दोनदा मागून घेतली.

एकच रात्र राहायचं ठरलं होतं. तीन रात्री राहिले.